श्वास : वीस

पहिल्या दिवशी मॅडमनी आम्हाला वह्या उघडू दिल्या नाहीत. वर्गात आम्ही साठ जण, त्यातले चार मुलगे. युनिफॉर्म इतके नवे की बसता-उठता कापड वाजत होतं. मॅडम आल्या, टेबलाला टेकून उभ्या राहिल्या, तोंडातली लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सारली आणि म्हणाल्या, "पहिल्या सहा महिन्यांत काय व्हणार ते सांगते. लिहू नका, ऐका. पंधरा दिवसांत तिघी-चौघी घरी जातील, त्यांना अडवू नका. पहिल्यांदा कुणाची घाण काढाल त्या दिवशी जेवण जाणार न्हाई. आठवड्यानं जाईल. पहिलं मढं बघाल त्या दिवशी झोप लागणार न्हाई. म्हैन्यानं ती पण लागंल. आणि ज्या दिवशी हे दोन्ही सोपं वाटंल, त्या दिवशी मला येऊन सांगा. त्या दिवसापासून तुमी पेशंटला धोका हाय."

मग त्यांनी साठ जणांना रांगेनं बेसिनपाशी नेलं आणि हात धुवायला लावले. धुतले की बघायच्या, परत धुवा म्हणायच्या. दुपारी दोनपर्यंत आम्ही तेवढंच केलं.

मॅडम पाथर्डीकडच्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत काढून निवृत्त झालेल्या आणि मग नगरला आमच्या नर्सिंग कॉलेजात कंत्राटावर शिकवायला आलेल्या. उंच, वाळक्या. केसांना लावलेला काळा रंग कपाळावरही थोडा उतरलेला असायचा आणि तो पुसायची त्यांना गरज वाटायची नाही. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. पुस्तक इंग्रजी, पण ते त्या पाथर्डीच्या बोलीत समजावून सांगायच्या. आमच्यातल्या बहुतेक मराठी शाळेतून आलेल्या, त्यामुळे त्यांचं तेवढंच आम्हाला कळायचं.

आमची नावं त्यांनी कधी पाठ करून घेतली नाहीत. हाक तालुक्यावरून. मी घोडेगावची म्हणून मी नेवासा. माझ्या खोलीतली मैत्रीण राहुरी. एका तालुक्याच्या दोघी असल्या तर थोरली आणि धाकटी. वॉर्डात मात्र एकाही पेशंटला खाटेच्या नंबरावरून बोललेलं त्यांना चालायचं नाही. पूर्ण नाव, गाव आणि घरी वाट कोण बघतंय, एवढं ठाऊक नसेल तर थर्मामीटरला हात लावायचा नाही. राहुरी एकदा म्हणून गेली, "मॅडम, बारा नंबरला ताप आहे." मॅडमनी तिला बाराव्या खाटेपाशी नेलं, तिथल्या म्हाताऱ्यासमोर हात जोडले आणि म्हणाल्या, "अण्णा, हिला तुमचं नाव सांगा. आईबापानं हिला कान दिलेत, वापरायचे राहिलेत." म्हातारा ओशाळला.

बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची त्यांना खोड होती. वॉर्डबॉय असो, नातेवाईक असो, आम्ही असो. उशीर का झाला विचारताना मनगट धरायच्या. आम्ही काहीतरी कारण सांगायचो. त्या घड्याळाकडे बघत ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "एकशे चार. खोटं बोलतीयास." कधी कधी आम्ही खरं बोलत असायचो, पण त्यांच्या भीतीनंच नाडी पळायची. ते त्यांना सांगण्याची आमची छाती नव्हती.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी आम्हा प्रत्येकीला एकेक दिवस पेशंट केलं. कॉलेजातल्या प्रॅक्टिकलच्या खोलीत चार खाटा होत्या. सकाळी नऊला आडवं व्हायचं ते पाचला उठायचं. हात अंगाला चादरीनं गुंडाळलेले. पाणी, जेवण, कूस बदलणं, सगळं दुसरीनं करायचं. माझ्या दिवशी माझी जबाबदारी राहुरीकडे होती. ती अकरा वाजता मला पाणी आणते म्हणून गेली आणि तासाच्या नोट्स उतरवायच्या नादात विसरली. मी छताकडे बघत पडले होते. एक माशी ओठावर बसत होती आणि मला ती हाकलता येत नव्हती. दुपारी मला बेडपॅन मागायची वेळ आली, तो मी दीड तास मागितला नाही. शेवटी मागितला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पाच वाजता मॅडम आल्या, चादर सोडली, म्हणाल्या, "माशी बसली का?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

हे मी आता प्रेमानं सांगते आहे असं वाटेल, पण तेव्हा मला त्या आवडत नव्हत्या. कोणालाच आवडत नव्हत्या. जामखेडची एक मुलगी होती, आईविना वाढलेली, फार हळवी. सडलेल्या पायाचं ड्रेसिंग बघताना ती चक्कर येऊन पडली. मॅडमनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, दहा मिनिटं बसू दिलं आणि तीच घाणेरडी पट्टी उचलायला लावली. त्या संध्याकाळी तिनं ट्रंक भरली. ती पुन्हा आली नाही. मॅडमनी नंतर कधी तिचं नावही काढलं नाही. त्यांचं तिथं चुकलं, असं मला तेव्हा वाटलं होतं आणि आजही वाटतं.

त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट श्वासाचा होता. पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास दर ठरावीक वेळानं मोजून तक्त्यावर लिहायचा असतो. ताप थर्मामीटर सांगतो, नाडीला हात लागतो. श्वास मात्र माणसाला न सांगता, त्याच्या छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट उभं राहून मोजावा लागतो. कोणी मोजत नाही. वॉर्डातल्या एका सीनियर मुलीनं आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं, "वीस लिहायचं. म्हातारा असो नाहीतर तरणी, वीस." मॅडमना हे ठाऊक होतं. त्या तक्ते चाळत चालायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "ह्या वॉर्डात चाळीस माणसं एका तालावर श्वास घेत्यात. लेझीम खेळत्यात जणू."

मला एकदा त्यांनी विचारलं, "नेवासा, बाप काय करतो?"

"टेम्पो आहे मॅडम. घोडेगावच्या बाजाराला जनावरं आणतात."

"म्हैस टेम्पोतनं उतरवली की पहिलं काय बघतो?"

मी सांगितलं, कूस बघतात. श्वास लागलाय का ते. लागला असेल तर तिला बाजारात उभी करत नाहीत, आधी सावलीला बांधतात.

"मग तुला काय शिकवायचं राहिलं?" त्या म्हणाल्या.

त्यांची आणखी एक गोष्ट होती, तिच्यावरून दवाखान्यातले लोक त्यांना अर्धवट म्हणायचे. ज्या वॉर्डात आमची पोस्टिंग असेल तिथला कोणी पेशंट गेला, तर तेरावं उरकल्यावर मॅडम त्या माणसाच्या घरी जायच्या. एसटीनं, रजेच्या दिवशी, पदरमोड करून. शेवटचे तास कसे गेले, काय औषध दिलं, माणूस काय म्हणाला, हे सगळं घरच्यांना बसून सांगायच्या आणि परत यायच्या. मेट्रननी त्यांना दोनदा ताकीद दिली होती. त्या ऐकून घ्यायच्या आणि जायच्या.

जानेवारीत आम्हाला बायकांचा मेडिकल वॉर्ड मिळाला. माझ्याकडे बारा पेशंट होते. त्यातल्या एक मंदाताई, श्रीगोंद्याकडच्या एका गावच्या. वय सत्तेचाळीस, साखरेचा आजार, लघवीतल्या जंतूंमुळे ताप येऊन दाखल झालेल्या. नवरा साखर कारखान्यावर कामाला, मुलगी माझ्याएवढी, बारावी होऊन घरी बसलेली. दोन दिवसांत ताप उतरला होता. परवा घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले होते.

त्या दिवशी दोनच्या फेरीला मी त्यांच्या खाटेपाशी गेले. दुसऱ्या दिवशी आमची हाताच्या हाडांवर परीक्षा होती आणि नावांची चिठ्ठी माझ्या खिशात होती. ड्यूटीवरची सिस्टर एकटीच होती, ती लांबून म्हणाली, "लवकर उरका गं." मी ताप बघितला, नव्हता. नाडी बघितली, एकशे बारा. अशक्तपणानं असेल, असं मी मनाशी म्हटलं. मंदाताईंनी ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढलं होतं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "जरा बस की हितं. जीव घाबरल्यावानी व्हतंय."

"आलेच हं मावशी," मी म्हणाले.

तक्त्यावर श्वासाच्या रकान्यात वीस लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. बारा तक्ते झाले. सिस्टरनी न बघता खाली सही केली. मी परत मंदाताईंकडे गेले नाही. वॉर्डाच्या टोकाला, खिडकीपाशी उभी राहून हाडं पाठ करत होते.

साडेचारला मॅडम फेरीला आल्या. मंदाताईंच्या पायथ्याशी थांबल्या, ब्लँकेट खाली केलं आणि मनगट उलटं करून घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. एक मिनिट फार लांब असतं. मी खिडकीपासून बघत होते आणि मला आतून कळलं होतं.

"अडतीस," त्या म्हणाल्या. "सिस्टर, डॉक्टरला बोलवा. पळा."

मग तक्ता उचलला. "नेवासा. दोन वाजता वीस व्हता?"

"हो मॅडम."

त्यांनी माझं मनगट धरलं. नेहमीसारखा आकडा सांगितला नाही. नुसतं धरलं आणि सोडून दिलं.

जंतू रक्तात पसरले होते. ऑक्सिजन लावला, आयसीयूत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत मंदाताई गेल्या. आयसीयूच्या दाराशी त्यांचा नवरा उभा होता, हातात डब्याची पिशवी.

अंग पुसून द्यायचं काम मॅडमनी मागून घेतलं आणि मला बरोबर घेतलं. मृत माणसाला पुसताना त्या त्याच्याशी बोलायच्या. "मंदाताई, आता डावा हात घेते हं. आता कुशीवर वळवते." मी बादली धरून उभी होते. पाठ पुसून होत आली तेव्हा मी म्हणाले, "मॅडम, मी मोजला नव्हता."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "पाणी गार पडलंय. कोमट आण."

दवाखान्यात कोणी काही विचारलं नाही. साखरेची पेशंट, जंतुसंसर्ग, अशी माणसं जातात. फाइल रेकॉर्डला गेली. मला हाडांच्या परीक्षेत चांगले मार्क पडले. राहुरीला मी सगळं सांगितलं, ती म्हणाली, "सगळ्याच वीस लिहितात गं, तुझ्या एकटीचं काय?" मला ते ऐकून बरं वाटलं. दोन आठवडे मी तेवढ्या एका वाक्यावर काढले.

मग एका शनिवारी मॅडमनी मला थांबवलं. "उद्या सकाळी स्टँडवर ये. युनिफॉर्म नको."

मला कुठं जायचं ते विचारावं लागलं नाही.

गाळपाचे दिवस होते. श्रीगोंद्याच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि एसटी त्यांच्या मागे माणसाच्या चालीनं चालली होती. मॅडम खिडकीशी, मी शेजारी.

"घरच्यांना सांगायचं?" मी विचारलं.

"व्हय."

"ते मला मारतील."

"मारणार न्हाईत. मारायला आले तर मी मधी ऱ्हाईन."

"आणि कॉलेज काढून टाकेल."

"त्याचं मला सांगता येत न्हाई." एसटीनं एक ट्रॉली मागे टाकली, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. "माझा भाऊ एकोणीस वर्षांचा व्हता. दवाखान्यातनं आमाला एक चिठ्ठी मिळाली आणि कपड्याचं गाठोडं. काय झालं, कोण व्हतं, कायबी कुणी सांगितलं न्हाई. आई म्हातारी झाली विचारून विचारून. मी नर्सिंगला गेले तर पहिलं तिनं तेच विचारलं. आता सांग, असं कशानं झालं असंल."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगणार? मी तिथं नव्हते."

मंदाताईंचं घर पत्र्याचं, पण नीटनेटकं. भिंतीवर नव्या फोटोला हार. नवरा, त्याचा थोरला भाऊ आणि मुलगी. आम्हाला सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं. मॅडमनी सुरुवात केली. कोणत्या दिवशी कोणतं औषध, ताप कधी उतरला, साडेचारला काय दिसलं, आयसीयूत काय काय केलं. नवरा मान खाली घालून ऐकत होता. मग मॅडम म्हणाल्या, "दोन वाजता ही पोरगी तिथं व्हती. पुढचं ती सांगंल."

मी सांगितलं. मोजायला पाहिजे होता, मोजला नाही, वीस लिहिलं.

नवऱ्यानं विचारलं, माझ्याकडे न बघता, मॅडमकडे बघून. "मोजला असता तर वाचली असती का?"

"नक्की सांगता येत न्हाई दादा," मॅडम म्हणाल्या. "अडीच तास आधी कळलं असतं. कदाचित वाचली असती. कदाचित न्हाई."

थोरला भाऊ उठून उभा राहिला. "म्हंजी तुमीच मारली म्हना की. आनि वर घरी येऊन सांगताय. लाज न्हाई वाटत?"

"वाटती," मॅडम म्हणाल्या. "हिला शिकवणारी मी हाय. हिचं चुकलं तिथं माझंबी चुकलं. पण झालं ते तुमाला ठाऊक असावं."

"निगा हितनं."

आम्ही उठलो. चपला घालत होतो तेव्हा मुलगी दारात आली. तिनं मला विचारलं, "दुपारी ती काय बोलली का? तुमी व्हता ना तिथं."

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "जीव घाबरतोय म्हणाल्या. जरा बस म्हणाल्या माझ्याजवळ."

"मग?"

"मी आलेच म्हणाले. आणि गेले नाही."

तिनं मान हलवली. "बसायचं ना," ती म्हणाली. रागानं नाही. एखाद्याला साधी गोष्ट कळली नाही म्हणून सांगावं, तशी. आणि आत गेली.

परतीच्या वाटेवर मी रडले. मॅडमनी समजूत काढली नाही, रडू नको असंही म्हणाल्या नाहीत. नगर आल्यावर माझ्या हातात एक केळं ठेवलं आणि आपल्या रिक्षाकडे गेल्या.

आठवड्यानं थोरला भाऊ गावातली दहा-बारा माणसं घेऊन दवाखान्यात आला. आरडाओरडा झाला, लेखी तक्रार झाली. मग चक्रं फिरली. मॅडमना ऑफिसात बोलावलं. परवानगी नसताना पेशंटच्या घरी का गेलात, विद्यार्थिनीला का नेलं. मेट्रननी त्यांच्यासमोर सहीसाठी मजकूर ठेवला, की तक्त्यावरची नोंद बरोबर होती आणि त्यांनी घरच्यांना जे सांगितलं ते गैरसमजातून. मॅडमनी तो वाचला आणि परत सरकवला. म्हणाल्या, गैरसमज कसला, साडेचारला अडतीस मी मोजलाय.

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. माझ्या वडिलांना घोडेगावहून आधीच बोलावून घेतलं होतं. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, टोपी मांडीवर. माझ्यासाठीचा कागद टाइप केलेला होता. दुपारी दोन वाजता मी मंदाताईंचा श्वास मोजला, तो वीस होता. त्यांच्या घरी मी जे बोलले ते शिक्षिकेच्या दबावाखाली बोलले.

ऑफिसातले सर गोड बोलत होते. मुलीचं करिअर आहे, पोलिसांत प्रकरण गेलं तर पहिलं नाव हिचंच, आम्ही तुमच्या भल्यासाठी सांगतोय.

वडील म्हणाले, "आमाला त्यातलं काय कळतंय साहेब." मग माझ्याकडे वळून, "कर बाळा सही."

मी केली.

बाहेर टेम्पोत बसल्यावर त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. "खरंच मोजला व्हता का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

ते समोरच्या काचेकडे बघत राहिले. "म्हशीचा मोजतो आपन," ते म्हणाले. एवढंच. पुढे ते सगळ्यांत मुलीच्या शिक्षणाचं कौतुक करायचे, पण त्या दिवसाबद्दल मरेपर्यंत बोलले नाहीत.

मॅडमना महिनाअखेरीस काढलं. शेवटच्या दिवशी मी त्यांना कॉलेजच्या फाटकापाशी गाठलं. हातात एक कापडी पिशवी, त्यात दोन पुस्तकं आणि डबा.

"मॅडम, मी सही केली," मी म्हणाले.

"ऑफिसात दाखवली मला."

"वडील आले होते. मला..."

"मला कशाला सांगतीयास?" त्या मध्येच म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी आज ना उद्या जाणारच व्हते. तुझ्या कागदानं माझं काय गेलं न्हाई. तक्रारीचं उत्तर म्हणून त्याची नक्कल त्या घरी गेलीय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती मुलगी तो कागद वाचेल, हे सही करताना मला एकदाही सुचलं नव्हतं.

पहिली सेमिस्टर संपली. मी पास झाले. सगळ्या सेमिस्टर पास झाले, नोंदणी झाली, नगरलाच दुसऱ्या दवाखान्यात नोकरी लागली. मॅडमनी सांगितलेलं सगळं तसंच झालं. जेवण जायला लागलं, झोप लागायला लागली. एक गोष्ट मात्र सोपी झाली नाही. पेशंट जरा बस म्हणाला की मला मंदाताईंचं ब्लँकेट आठवतं. मी बसते, पण त्याच्यासाठी बसते की माझ्यासाठी, हे मला सांगता येत नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या वॉर्डात पहिल्या सेमिस्टरच्या मुली आल्या. त्यातल्या एकीनं मला विचारलं, "ताई, श्वास खरंच मोजायचा असतो का?" मी हो म्हणाले. का, हे न सांगता तिच्या हातातला तक्ता घेतला आणि स्वतःच मोजायला उभी राहिले. त्या रविवारी मी माझ्या हातानं एक कागद लिहिला. दोन वाजता मी मोजला नव्हता, आधीचा कागद खोटा आहे, तिथं माझ्या शिक्षिकेचा काही दबाव नव्हता. खाली नाव, नोंदणी क्रमांक, सही. आणि श्रीगोंद्याची एसटी धरली.

मंदाताईंची मुलगी अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं मला लगेच ओळखलं. आत ये म्हणाली नाही. मी कागद दिला. तिनं हात पुसून तो घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. दोनदा वाचला.

"तू पयल्यांदा आलीस तवा खरं बोललीस असं वाटलं मला," ती म्हणाली. "मग तुज्याच सहीचा कागद आला. काका म्हनले, ती म्हातारी बाई खोटी. बाबा म्हनले, पोरगी खोटी. ह्याच्यावरनं दोघा भावांत बोलचाल न्हाई ऱ्हायली. आता तू हे तिसरं आनलंस. ह्यातलं काय धरू मी?"

"हे धर."

"ह्यानं तुजी नोकरी जाईल का?"

"जाऊ शकते. नोंदणीही जाऊ शकते."

"मग आनलं कशाला?"

तिनं कागदाची घडी घातली, घरात गेली, फडताळ उघडल्या-मिटल्याचा आवाज आला. बाहेर आली ती रिकाम्या हातांनी. बादलीतलं पुढचं कापड उचलून पिळायला लागली.

"बघते," ती म्हणाली.

मॅडम तेव्हा राहुरी गावाजवळ भाचीकडे राहत होत्या. पुढच्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेले. केस पूर्ण पांढरे झाले होते, रंग लावायचं त्यांनी सोडलं होतं. मला बघून म्हणाल्या, "नेवासा. वाळलीस." मी सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या, निवडत राहिल्या.

"मॅडम, ती काय करेल?"

"मला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "तिची आई गेलीय. तिला पायजे ते करंल."

"तुम्हाला काय वाटतं, मी बरोबर केलं?"

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "अजून तुला शाबासकी पायजे व्हय? तू ठरवायचं तेवढं ठरवलंस. आता ठरवणारी ती हाय."

मॅडम मागच्या उन्हाळ्यात गेल्या. कागद अजून मंदाताईंच्या मुलीकडेच असावा. तिनं तो कुठं दिल्याचं कानावर नाही, फाडल्याचंही कळवलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.